बेलीफचाचाची चार वाक्यं

बेलीफचाचांचा खोकला ऐकला की आमच्या बोळातल्या बायका भांडी आत घ्यायच्या. घासाय मांडल्याली घागर असू दे न्हाईतर नुसती पितळंची वाटी असू दे, उचलली की आत. चाचांची नोकरी सुटून सा वर्सं झाल्ती, तरीबी घ्यायच्या. मीबी घ्यायची. का म्हनून ते मला कुनी सांगितलं नव्हतं, समद्या घेत्यात म्हनून मीबी.

त्येंचं नाव बाबालाल. तीस वर्सं कोर्टात बेलीफ हुतं. मी सांगलीकडच्या खेड्यातली, चौथीत शाळा सुटल्याली, मला बेलीफ म्हंजे काय ते साताऱ्यात आल्यावर कळलं. कोर्टाचा हुकूम निघाला की त्यो घेऊन मानसाच्या दारात जायाचं, दोन पंच हुबं करायचं, घरातलं सामान वळीनं लिवून काढायचं आन् उचलून न्ह्यायचं, ह्येला जप्ती म्हनत्यात. चाचांनी सांगली, इस्लामपूर, कराड, सातारा, समदीकडं ह्येच केलं. त्येंच्या खाकी कोटावर बिल्ला लावायच्या जागी दोन भोकं पडल्याली तशीच हुती. गुडघा आखडल्याला, त्यामुळं चालताना एक पाय जरा भाईर टाकायचं, त्या चालीवरनंबी लांबनं वळखू यायचं.

आन् एक खोड हुती. कुठंबी गेलं की त्येंचं डोळं सामान मोजायचं. मुद्दाम न्हाई, आपलं आपनच. एकदा बोळात लगीन हुतं, चाचा मांडवाच्या कडंला येऊन हुबं ऱ्हायलं आन् तोंडातल्या तोंडात म्हनाय लागलं, "खुर्च्या लोखंडी पंचवीस, पैकी तीन मोडक्या. समई जोड एक. सतरंजी जुनी, भोक पडलेली..." नवरीच्या बापानं ऐकलं आन् त्यो मटकन खालीच बसला. त्येला वाटलं जप्तीच आली. चाचांनी जीभ चावली आन् मांडवाभाईर गेलं, जेवलंबी न्हाईत. म्हनून त्येंना कुनी बोलवायचं न्हाई. चाची वारल्याली, लेक मिरजंला दिल्याली, चाचा एकटंच आमच्या समोरच्या खोलीत. दुसऱ्याच्या घरात ते कधी पाऊल टाकायचं न्हाईत. उंबऱ्याच्या भाईर हुबं ऱ्हाऊन बोलायचं, पाऊस असला तरी.

आता मला माजं थोडं सांगावं लागंल, न्हाईतर चाचा कळायचं न्हाईत.

आमचं हे ट्रक चालवायचं, सांगलीची हळद घेऊन मुंबैला. त्येंच्या दोस्तानं आन् ह्येंनी मिळून एक जुना ट्रक घ्यायचं ठरवलं, पेठंतल्या एका शेठकडनं पैसं उचललं. शेठच्या दारावर पाटी न्हाई, दुकान न्हाई, नुसती गादी आन् तिजोरी. तीन म्हयन्यांत ट्रक घाटात उलटला. दोस्त जाग्यावर गेला. ह्येंना खरचटलंबी न्हाई, पर त्या दिवसापास्नं ह्येंची वाचाच बसली, आन् एक दिवस सकाळी दाढी केली, शकूच्या गालावर हात फिरवला आन् येतो म्हनून गेलं ते आलंच न्हाईत. शकू चार वर्सांची, तान्हं सा म्हयन्यांचं. माज्याकडं पायाची शिलाई मशीन हुती, शकू झाली तवा माज्या भावानं दिल्याली. परकर, झबली, ब्लाऊज, जे येईल ते शिवायची आन् त्यावर आमी तिघं जगत हुतो. दुसरं काय म्हंजे कायबी नव्हतं.

मग शेठचा पैलवान याला लागला.

त्यो दर सोमवारी यायचा. मारायचा न्हाई, शिव्याबी देयाचा न्हाई. उंबऱ्यावर बूड टेकायचा, चौकटीला पाठ लावायचा, शेंगा फोडायचा आन् टरफलं घरात टाकायचा. दिवसभर. मला भाईर जायाचं तर त्येच्या अंगावरनं जावं लागायचं, म्हनून मी जायाची न्हाई, तान्हं रडायचं, पानी भरायचं ऱ्हायचं. जो येईल-जाईल त्येला सांगायचा, "बगा, ह्या घरचा मालक पळालाय." आन् माज्याकडं बगून म्हनायचा, "मालकाचं नाव काय गं? सांग की. नाव घेत न्हाईस व्हय? मग उखाना घे, एक हप्ता सोडतो." पोरं हसायची. बाया खिडक्या लावायच्या. शेवटाला जाताना मशीनकडं बोट करायचा. "पुढच्या खेपंला ही न्ह्यायची."

दूध आटाय लागलं हुतं.

तिसऱ्या सोमवारी चाचा आलं. लंगडत आलं, उंबऱ्यापास्नं दोन हात लांब हुबं ऱ्हायलं आन् कोर्टातल्यागत खाकरलं.

"सदर इसम कोन?"

पैलवान वर बगून हसला. "काय चाचा, पेन्शन खावा गप, लागलीया ना?"

"कुनी धाडलंय?"

"शेठनं."

"सावकारी करायचा परवाना हाय शेठकडं?"

"कसला परवाना, कुत्र्याचा?"

"न्हाई. बरं. कोर्टाचा हुकूम हाय?"

"आवं, तुमी काय..."

"तोबी न्हाई. मग तू हितं वसुलीला आलायस का शेंगा खायाला? शेंगा खायाला आला असशील तर स्वताच्या दारात खा. बाईमानसाच्या उंबऱ्यावर बसून पैसं मागनं ह्यो गुन्हा हाय. छळनं म्हनत्यात त्येला. लिवल्यालं हाय."

पैलवान लय हसला, पर उठला. एवढा दांडगा मानूस म्हाताऱ्याच्या बोलन्यावर उठतोय म्हंजे काय, मला कायच समजंना. त्यो गेल्यावर मी टरफलं झाडाय लागले तर चाचा म्हनलं, "थांब. आधी मोज किती हायत."

मी मोजली. खरंच मोजली, खाली बसून, एक एक. एकशे आठ्ठावीस. मोजून झाल्यावर वर बगितलं तर चाचा म्हनलं, "थांबलं का हात कापायचं? मग झाड आता."

तवापास्नं ते मला शिकवाय लागलं. दुपारचं, नमाज करून आल्यावर. मी मशीनवर आत, ते भाईर दगडावर. पैला धडा असा की त्येंनी पैलवान व्हायाचं आन् मी मी. एवढा वाळक्या अंगाचा मानूस, छाती फुगवून वरडायचा, "पैसं टाक, न्हाईतर मशीन उचलतो!" तान्हं बिचकून रडायचं, शकू खुदूखुदू हसायची आन् मी पदर तोंडात धरायची.

"पदर काढ तोंडातनं. सदर बाईनं काय इचारायचं?"

"आवं, मला न्हाई जमत चाचा."

"जमंल. चार वाक्यं हायत नुसती. पाढं पाठ केलंस का न्हाई शाळंत?"

चार वाक्यं मी मापाच्या वहीत लिवून घेतली, कुनाच्या तरी ब्लाऊजच्या मापाखाली. तू कोन आन् कुनी धाडलं. कोर्टाचा कागद दाखव. उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई. ज्या कर्जावर माजी सही न्हाई ते कर्ज माजं न्हाई.

ते चौथं वाक्य मी किती बार वाचलं. मला वाटायचं नवऱ्याचं ते समदं बायकूचं, पुन्य असंल तर पुन्य, कर्ज असंल तर कर्ज. चाचा म्हनलं, "पुन्याचं मला ठाऊक न्हाई. कर्जाचं ज्यानं सही केली त्येचंच. तू जामीन ऱ्हायलीस का? न्हाई. अंगठा दिलास का? न्हाई. मग तुज्याकडं मागायचा हक्कच न्हाई कुनाला. त्यो मागतोय कारन तू घाबरतीस. सावकाराचं निम्मं पैसं घाबरल्यालीच मानसं फेडत्यात."

आन् त्येंची एक म्हन हुती, सारखी म्हनायचं, "मिशीला भ्यायचं न्हाई. भ्यायचं तर कागदाला भ्या."

मी ती ध्यानात ठेवली. लय घट्ट ठेवली. तितंच घात झाला, पर ते पुढं.

मी इचारलं, "चाचा, खरंच कोर्टाचा हुकूम घेऊन आलं तर समदं न्हेत्यात का वो?" तर म्हनलं, "न्हाई. शिजवायची भांडी न्हाईत. अंथरून-पांघरून न्हाई. अंगावरचं कपडं न्हाईत. बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र न्हाई. दिवस मावळल्यावर घरात पाऊल न्हाई. आन् कारागिराची हत्यारं न्हाईत. सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तरा."

"आन् मशीन?"

ते मशीनकडं बगत ऱ्हायलं. "तू शिवून खातीस. मग ती हत्यारच."

मग त्येंनी भांडी भाईर आनाय सांगितली. मला आधी भ्याच वाटलं, बोळभर बायका चाचाला बगून भांडी लपवत्यात आन् मी आपल्या हातानं त्येंच्या पुढ्यात मांडतीय. पर मांडली. हंडा, घागर, दोन पातेली, परात. चाचांनी एकेक उलटं-सुलटं केलं आन् काठावरची नावं वाचाय लागलं. "भांडी वाचली की घर कळतं," म्हनायचं. "मी नवऱ्याच्या कर्जापायी घरात शिरलो की आधी भांडी वाचायचो. ज्याच्यावर बाईच्या बापाचं, भावाचं, मामाचं नाव त्याला हात लावायचा न्हाई, ते तिच्या म्हायेरचं. तुज्या म्हायेरचा हंडा कंचा?"

"ह्योच की."

चाचांनी हंडा उन्हात धरला आन् त्येंचं तोंड बदललं. "हितं तर तुज्या नवऱ्याचं नाव हाय."

मला मेल्याहून मेल्यागत झालं. सांगावं कसं? लगीन होऊन म्हयना झाल्ता तवा, भांड्यावर नावं घालनारा बोळात आल्ता, ठोकून ठोकून नावं घालत बसल्याला. माज्या आईनं हंडा कोराच दिल्याला. त्यानं इचारलं कुनाचं नाव घालू, आन् आपल्यात नवऱ्याचं नाव तोंडानं घेत न्हाईत, मी एका कागदावर लिवून दिलं ह्येंचं नाव, पैल्यांदाच लिवलं जलमात. त्यो ठोकत हुता आन् मी बगत हुते. समद्या भांड्यावर तेच घालून घेतलं. मला लय बरं वाटल्तं.

हे मी चाचांना आडून आडून सांगितलं, खाली बगून. मला वाटलं आता रागवत्याल. ते हसलं. मी त्येंना हसताना तेवढंच एकदा बगितलं. "तीस वर्सांत असला पुरावा बगितला न्हाई बेटी," म्हनलं. "लगनात याद केली आसंल न्हवं, काय काय दिलं त्येची? ती आईकडनं मागवून ठेव." आन् मग हंडा हळूच खाली ठिवला आन् हसू गेलं.

त्या दिवशी त्येंनी ते सांगितलं. मी इचारलं नव्हतं.

एका गावात शिंप्याच्या घरी जप्तीला गेल्तं. उन्हाळा, सायकलवरनं चौदा मैल. घरात कायबी नव्हतं, एक मशीन हुती, हातानं फिरवायची. सावकाराचा मानूस संगं हुता, त्यो म्हनला लिवा मशीन. "मला ठाऊक हुतं," चाचा म्हनलं. "हत्यार न्हेता येत न्हाई ते मला पाठ हुतं. पर शिंपी कायच बोलला न्हाई. हात जोडून हुबा ऱ्हायला. त्यानं इचारलं असतं, साहेब ही न्हेता येती का, तर मी न्हाई म्हनलो असतो. त्यानं इचारलं न्हाई, म्हनून मी सांगितलं न्हाई. परत चौदा मैल मोकळ्या हातानं जायाचं, वर साहेब बोलनार. लिवली. शिलाई मशीन हाती, एक, चालू स्थितीत." हंडा जरा लांब सारला. "पुढल्या साली त्याच गावाला गेलो तर घराला कुलूप. शेजारचं म्हनलं, कुठं गेलं ठाऊक न्हाई."

मी मशीन थांबवून बसल्ते.

"कायदा असतोय, बेटी," ते म्हनलं, "पर त्यो आपनहून उठून कुनाच्या दारात येत न्हाई. इचारावं लागतं."

मग त्यो दिवस आला. म्हयन्याची पैली तारीख, चाचा पेन्शन आनाय गेल्तं, पैलवानाला ते बरूबर ठाऊक. भर दुपारी आला, संगं दोघं आन् हातगाडा. मी दाराला कडी घातल्याली. कडी वाजली. मी खिडकीतनं बगितलं, तिघं हुतं. तरी मी इचारलं. आवाज फाटला, पर इचारलं, "तू कोन आन् कुनी धाडलं?"

"वा वा, पाठ केलंस की! पुढचं म्हन."

"कोर्टाचा कागद दाखव."

आन् त्यानं दाखवला.

खिशातनं काढला, उलगडला, खिडकीच्या गजातनं आत दिला. छापील कागद, समदं इंग्रजी, खाली जांभळा गोल शिक्का, सही. मला मराठीच अक्षर जुळवून वाचावं लागतंय. मी त्यो शिक्काच बगत ऱ्हायले. कागदाला भ्या म्हनलं हुतं चाचांनी, आन् ह्यो कागद. पैलवानाच्या मिशीला मी भ्याले न्हाई, द्येवाशपथ न्हाई. कागदाला भ्याले. कडी काढली.

त्येंनी मशीन उचलली. पट्ट्यात अर्धं शिवल्यालं झबलं अडकल्यालं, ते वढून काढलं आन् माज्या अंगावर टाकलं. शकू मशीनच्या पायट्याला धरून बसली, तिची बोटं एक एक करून सोडवली. पैलवान जाताना म्हनला, "कागद ऱ्हाऊ दे तुला. म्हाताऱ्याला दाव."

मी त्यो जपून घडी न घालता ठिवला. चाचा आलं तवा मी रडत हुते, तरी कागद पुढं केला, म्हनलं, "घेतला चाचा, तुमी सांगितल्यागत कागद बगून घेतला."

चाचांनी वाचला. परत वाचला. मग जे कधी केलं नव्हतं ते केलं, उंबऱ्यावर बसलं.

"ही रेल्वेची पावती हाय, बेटी. हळदीच्या बारा पोत्यांची."

ते स्वतालाच म्हनत हुतं, "तीस वर्सं कागद घेऊन गेलो. कंचंच दार माज्या कागदाला न्हाई म्हनलं न्हाई. पर एकदाबी खोटा न्हेला न्हाई. खोटा कागद घेऊन कोन येईल हे मला सुचलंच न्हाई. म्या तुला मागाय शिकवला, वाचाय न्हाई शिकवला." आन् मग माज्याकडं बगून, "कागद हातात आला की दार लावूनच ठिवायचं. खरा असंल तर त्यो उद्याबी खराच असतोय. थांब म्हनायचं. वाचून घेते, दाखवून घेते, उद्या ये. येवढं सांगायचं ऱ्हायलं."

चौकीत गेलो. हवालदारानं समदं ऐकलं आन् एवढंच इचारलं, "दार कुनी उघडलं?" मी म्हनलं, "मी." त्यानं वही मिटली. चाचांनी बोटानं टेबल वाजवून सांगितलं, फसवून उघडवलं, ही चोरी हाय, लिवून घ्या. हवालदार म्हनला, "चाचा, तुमी आयुष्यभर लोकांची भांडी उचलली, आता का वो कळवळा?" चाचा उठलं. त्येंनी घरी येऊन सोता अर्ज लिवला, सावकारांवर नजर ठिवनारं सरकारी कचेरीतलं एक साहेब असतंय त्येंच्या नावानं, मशीनचं समदं वर्नन घालून, पायानं चालवायची, कुठं रंग उडाल्याला, कुठं शकूनं खिळ्यानं रेघोट्या वढल्याल्या. ते बगून मला कळलं की त्येंनी उंबऱ्याभाईरनं काय काय बगून ठिवल्तं. साक्षीला सही करा म्हनून बोळात दारोदार फिरलं. एकानंबी केली न्हाई. निम्मा बोळ त्याच शेठच्या पैशाखाली आन् निम्म्यानं चाचांना बगून दार लावलं.

त्या अर्जाचं अजून काय झालं न्हाई. चाचा पंधरवड्यानं डोळ्याच्या आपरेशनला लेकीकडं मिरजंला गेलं, तितं ताप आला, आन् गेलं. मला आठ दिवसांनी कळलं, दूधवाल्याकडनं. खोलीला दुसरं भाडेकरू आलं. आता बायका भांडी भाईर घासत्यात खुशाल. मी वाकळा शिवते, हातानं, एका वाकळंला चार-पाच दिवस जात्यात. ह्येंचा पत्ता न्हाई. दाराची कडी वाजली की मी अजून आधी खिडकीतनं बगते, खोटं कशाला सांगू.

पर चाचा म्हनलं की मला डोळ्यापुढं येत्यात ते मिरजंला जायच्या आदल्या दिवशीचं.

शेठनं सांगावा धाडल्ता, मशीन परत देतो, ये. मी पळतच निघाले, शकूचा हात धरून, तान्हं काखंत. चाचा संगं आलं, पर पेठंच्या कोपऱ्यावर थांबलं. "मी आत येनार न्हाई."

"आवं चाचा, मी एकटी काय बोलू?"

"मी आलो तर त्यो माज्याशी बोलंल. आन् सही तुजी लागनार हाय, माजी न्हाई."

ते समोरच्या सायकल दुकानाच्या फळीवर बसलं, आमच्याकडं पाठ करून.

शेठ लय ग्वाड बोलला. बस माय म्हनला, शकूला बिस्कीट दिलं. मशीन कोपऱ्यात हुती, वर कापड टाकल्यालं. "बग, धूळबी बसू दिली न्हाई. पैलवान अडानी हाय, त्येच्या वतीनं मी माफी मागतो. हातगाडा तयार हाय, आत्ता पोचवतो. फकस्त हितं अंगठा टेकव, मशीन मिळाली म्हनून." आन् शाईची डबी उघडून पुढं सारली. कागद मराठीत हुता.

मी म्हनलं, "वाचते."

"वाचाय येतं तुला?"

मी वाचाय लागले. एक एक अक्षर. शेठनं पानाची पिचकारी मारली, घड्याळ बगितलं, पैलवान जांभया देत हुता. मशीन मिळाली एवढं एका वळीत हुतं. त्येच्या खाली लय वळी हुत्या. नवऱ्याचं समदं देनं मी सोता मान्य करते, जामीन ऱ्हाते, न दिल्यास...

"परवाना हाय का तुमचा?" मी इचारलं. मला माजाच आवाज वळखू आला न्हाई.

"तुज्या नवऱ्यानं पैसं घेताना परवाना इचारला न्हवता. मशीन पायजे का नगं?"

मशीन पायजे हुती. मशीन तितं चार हातावर हुती, कापडाखालनं तिचं चाक दिसत हुतं. तान्हं छातीला तोंड घासत हुतं आन् छातीत कायबी नव्हतं. मी भाईर बगितलं. चाचांची पाठ. ते वळलंच न्हाईत, एकदाबी न्हाई. मी किती येळ हुबी हुते कुनास ठाऊक. मग कागद खाली ठिवला आन् म्हनलं, "माजी सही न्हाई, कर्ज माजं न्हाई," आन् शकूला वढत भाईर आले. मागनं पैलवान काय म्हनला ते लिवायचं न्हाई.

मी रस्ता वलांडला. चाचा उठलं. काय झालं इचारलं न्हाई. मोकळीच आले ते दिसतच हुतं. त्येंनी माजं हात धरलं, पैल्यांदाच, आन् उन्हात उलटं-सुलटं करून बगितलं. अंगठा बगितला, मग दुसरा. कोरं हुतं. त्येंच्या छातीतनं हुश्श निघालं.

आन् मग त्येंना शकूचा हात दिसला. तिचा अंगठा जांभळा झाल्याला.

"हे? हे काय?"

"आवं, तिनं खेळताना डबीत घातला चाचा. कागदाला न्हाई लागला. मी बगत हुते."

"कागदाला न्हाई लागला?"

"न्हाई."

पर त्येंनी ऐकलं का न्हाई कुनास ठाऊक. तिला कोपऱ्यावरच्या नळाखाली न्हेलं, आखडल्याला गुडघा मुडपून खाली बसलं आन् तिचा अंगठा घासाय लागलं, आधी पान्यानं, मग रुमालानं, मग नुसत्या बोटानं. शाई निघंना. शकू हात वढाय लागली. मी म्हनलं, "ऱ्हाऊ द्या वो चाचा, दोन दिवसांत जाईल आपोआप."

ते घासतच हुतं.